गवताची चव माती ठरवते

(जिल्हा मेळाव्याच्या दुसऱ्या सत्रात केलेल्या भाषणाचा मसुदा)



सकाळच्या सत्रात कापसाच्या भावावर बोलणे झाले. आता माझ्यासारखा माणूस उठतो आणि म्हणतो की मी गवतावर बोलणार, तर मागच्या रांगेत हसू येणारच. हसा, माझी हरकत नाही. मी स्वतः कृषीची पदवी घेतली तेव्हा गवताची ओळख मला तणांच्या प्रकरणात झाली. हरळी कशी मारावी, लव्हाळा कसा मारावा, हे पाठ केले. ते गवत खाऊन आपले बैल चालतात, गाय गाभण राहते, शेणखत होते, याचा परीक्षेत प्रश्न नव्हता.

ती चूक मला पुढे महागात पडली. वीस-एक वर्षांपूर्वीची गोष्ट. मी पाणलोटाच्या एका कामावर होतो. गावाची दीडशे एकर टेकडी. आम्ही चराईबंदी केली, दोन वर्षांत टेकडी कमरेएवढ्या गवताने भरली. लोक म्हणाले, दसऱ्याला कापू. मी म्हणालो, थांबा, दिवाळी होऊ द्या, गवत पूर्ण वाढू द्या, वजन जास्त येईल. वजन खरेच जास्त आले. गंज्या लागल्या, पाहुणे आले, फोटो निघाले. आणि शिमग्याला त्याच गावचे बैल हाडाडले. पुढ्यात गवत पडलेले आणि बैलाची बरगडी दिसते. गावच्या म्हाताऱ्या ढोरक्याने मला सांगितले, "साहेब, गंजी त मोठी झाली, पण हे गवत ढोराच्या अंगाले लागत नाई. यातला जीव दसऱ्यालेच गेला."

त्या म्हाताऱ्याला प्रथिन हा शब्द माहीत नव्हता. मला शब्द माहीत होता, गोष्ट माहीत नव्हती. आज मी तुम्हाला तेवढीच गोष्ट सांगणार आहे. गवतात जीव कुठून येतो, कधी जातो, आणि आपल्या मुलखात तो कसा राखता येतो.

जनावर गवत खाते, की गवतातले जंतू?

बैल गवत गिळतो ते आधी कोटीपोटात जाते. तिथे कोट्यवधी सूक्ष्म जंतू असतात. काडी फोडण्याचे काम ते करतात, बैलाच्या आतड्याला ते येत नाही. या जंतूंना जगायला नत्र लागते. चाऱ्यात नत्र किती हे आपण प्रथिनाच्या हिशेबात मोजतो. नत्राला सव्वासहाने गुणले की प्रथिन. सुक्या चाऱ्यात प्रथिन साधारण ७ टक्क्यांच्या खाली गेले की जंतू उपाशी पडतात. जंतू उपाशी, म्हणजे काडी फुटत नाही. काडी फुटत नाही, म्हणजे पोट रिकामे होत नाही. पोट रिकामे होत नाही, म्हणून बैल गव्हाणीकडे तोंड नेत नाही. आपण म्हणतो, बैलाने खाणे सोडले. खरे म्हणजे त्याचे पोट भरलेले आहे आणि तो उपाशी आहे.

हिशेब मांडून पाहा. ४०० किलोचा बैल चांगला चारा असला तर दिवसाला ८ किलो सुके खातो. चाऱ्यात ७ टक्के प्रथिन धरले तर ५६० ग्रॅम पोटात गेले. तोच चारा ३ टक्क्यांचा असला तर बैल ५ किलोवरच थांबतो. प्रथिन गेले १५० ग्रॅम. चारा निम्म्याने वाईट झाला आणि बैलाला मिळाले पावपट. ज्वारीचा कडबा आणि बी झडलेले सुके गवत, दोन्ही या ३-४ टक्क्यांच्याच घरात बसतात. आता सांगा, उन्हाळ्याच्या शेवटी, पेरणीच्या तोंडावर बैल थकलेला का असतो?

एकच खडक, दोन गवते

आता गवतात नत्र कमी-जास्त का होते ते पाहू. त्यासाठी फार लांब जायला नको. सातारा जिल्ह्यात महाबळेश्वर आहे आणि दहिवडी आहे. सरळ रेषेत अंतर शंभर किलोमीटरच्या आत. दोन्हीकडे जमिनीखाली तोच काळा खडक, ज्याला आपण बेसाल्ट म्हणतो. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, दहिवडीला जेमतेम पाचशे.

महाबळेश्वर-पाचगणीच्या पठारावर लाखो वर्षे पाऊस खडकाला धूत आला. चुना गेला, मॅग्नेशियम गेले, पालाश गेले. मागे राहिले लोह आणि ॲल्युमिनियम. हाच तांबडा जांभा. त्यात जे थोडे स्फुरद असते तेही लोह आणि ॲल्युमिनियम धरून ठेवतात, मुळाला लवकर सोडत नाहीत. तिथे पाण्याला तोटा नाही, अन्नाला तोटा आहे. गवत भराभर वाढते. मुळांना मिळालेले थोडेसे नत्र त्या सगळ्या वाढीत पातळ होते, दुधात पाणी घालावे तसे. आषाढ-श्रावणात हिरवे आहे तोवर जनावर खाते. फुलावर आले, काडी झाली, की तोंड लावत नाही.

माणदेशात उलटे आहे. पाऊस इतका कमी की खडकातला चुना वाहून जात नाही, मातीतच राहतो. गवत वीत-दीड वीत वाढते, तोवर पाऊस संपतो. मुळांनी उचललेले नत्र खर्ची पडायच्या आत गवत उभ्या-उभ्या वाळते. म्हणून ते गवत थोडे असते, खुरटे असते, पण सुकल्यावरही जनावर ते मिटक्या मारत खाते.

म्हणजे सूत्र असे: पाणी कमी आणि माती सकस, तर गवत थोडे पण गोड. पाणी भरपूर आणि माती धुतलेली, तर गवत उदंड पण फिके. जिथे पाणी आधी संपते तिथे गवतात जीव शिल्लक राहतो. जिथे नत्र आधी संपते तिथे नुसता काडीचा पसारा राहतो.

पावसाळ्यात माणदेश-फलटणकडचे मेंढपाळ आपल्या मुलखात असतात. दिवाळीनंतर पूर्वेकडचा चारा-पाणी सरत आला की घाट उतरून कोकणात जातात, भाताच्या रिकाम्या खाचरांत मेंढ्या बसवतात, आणि पावसाच्या तोंडावर परत फिरतात. कोकणातल्या पावसात मेंढीचे खूर सडतात हे त्याचे एक कारण. आणि मेंढी विते, कोकरू पिते, त्या दिवसांत तिला माणदेशाचे गोड गवत मिळते, हे दुसरे.

टांझानियात सेरेंगेटी नावाचे मोठे गवताळ रान आहे. तिथे वाइल्डबीस्ट नावाची गाईसारखी दिसणारी हरणे दहा लाखांच्या वर आहेत. पाऊस पडला की ती उंच गवताचा मुलूख सोडून आखूड गवताच्या कोरड्या मैदानावर येतात आणि तिथेच वितात. ती माती ज्वालामुखीच्या राखेची. सॅम्युअल मॅक्नॉटन नावाच्या शास्त्रज्ञाने १९९० साली दाखवले की पावसाळी मैदानातल्या गवतात दुभत्या मादीला लागणारे स्फुरद, चुना, मीठ जास्त असते. हरणाला प्रयोगशाळा लागली नाही. आपल्या मेंढपाळालाही लागली नाही.

दक्षिण आफ्रिकेतल्या शेतकऱ्यांनी तर माळाला नावेच तशी ठेवली आहेत. व्हेल्ड म्हणजे माळ. एक स्वीटव्हेल्ड, गोड माळ. दुसरा सावरव्हेल्ड, आंबट माळ. पावसाळी डोंगरावरचा, धुतलेल्या मातीचा माळ आंबट. कमी पावसाच्या मुलखातला, बेसाल्टच्या काळ्या मातीचा माळ गोड. आंबट माळावरची गुरे थंडीत खाली गोड माळाकडे हलवायची ही तिथली जुनी रीत. ज्याला हलवता येत नाही तो गुरांना खनिजाचे चाटण आणि प्रथिनाचा खुराक देतो.

आपला माळ कोणता?

आपण मधले. बीडकडे साडेसहाशे-सातशे मिलिमीटर, अकोल्याकडे आठशेच्या आसपास, यवतमाळ-वर्ध्याकडे हजाराच्या आसपास. आपला माळ पूर्ण गोडही नाही, पूर्ण आंबटही नाही. त्यामुळे एकाच गावात दोन्ही माळ सापडतात. ज्याला ते ओळखता येतात त्याचे जनावर जगते.

दाबडघाव आणि शंकरनारायण या दोघांनी देशभरची कुरणे पाहून १९७३ साली भारताच्या गवतांचे पाच मोठे गट पाडले. आपला सगळा दख्खन त्यातल्या पवना आणि मारवेल यांच्या गटात येतो. पवना टेकडीवरचा, मुरमाड उताराचा. मारवेल खालच्या भारी काळ्या मातीचा, नाल्याकाठचा, धुऱ्यावरचा. तुमच्या बरडावर पाऊल ठेवा, माती चार बोटे आहे, पाणी लगेच ओसरते, खाली नत्र नाही. तिथले गवत लवकर वाढते, लवकर फुलते, लवकर निबर होते. नाल्याकाठी उतरा, तिथे टेकडीवरून वाहून आलेला गाळ साठलेला असतो. मारवेल तिथे उशिरापर्यंत हिरवे राहते आणि वाळले तरी पानात दम राहतो.

आता आपण काय करतो? पावसाळ्यात ढोरे नाल्याकाठी सोडतो, कारण ते जवळ आहे. कोवळा मारवेल दोन महिन्यांत मुळापर्यंत संपवतो. आणि पौष-माघात ढोरक्या ढोरे टेकडीवर नेतो, जेव्हा तिथे नुसत्या काड्या असतात. गोड गवत आपण फुकटच्या दिवसांत खाऊन टाकतो आणि अडचणीच्या दिवसांत फिके गवत पुढ्यात घेतो. हे उलटे करायला पैसा लागत नाही. टेकडीचे गवत वीतभर झाले की पोळ्यापर्यंत टेकडी चारा. नाल्याकाठ राखा आणि हिवाळ्यात उघडा. सगळी टेकडी मात्र दर वर्षी चारू नका. तिचे तीन भाग पाडा, एका भागाला दर वर्षी विश्रांती द्या, त्याचे बी पडू द्या.

बी पडू दिले नाही तर काय होते ते तुम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. जनावर चवीचे गवत आधी खाते. पवना संपतो, त्याच्या जागी कुसळी येते. आणखी मार पडला की कुसळीही जाते आणि नुसत्या खडखडीत काटक्या उरतात. कुसळी कोवळी असताना चालते, पण कुसळ धरले की जनावराच्या तोंडात घुसते, मेंढीच्या कातडीत घुसते. आणि फाल्गुन-चैत्रात हिरवा फुटवा येईल म्हणून टेकडीला काडी लावणारे आपल्यातच आहेत. गवत जळते तेव्हा चुना आणि पालाश राखेत उरतात, पण नत्र धुरात निघून जाते. ज्या टेकडीला आधीच नत्राचा दुष्काळ, तिचे उरलेले नत्र आपण आपल्या हाताने आभाळात पाठवतो. आगीला टिकून राहते ती कुसळी.

कापणीचा दिवस

माझ्या चुकीचा हिशेब आता करून दाखवतो. एक एकर टेकडी धरा. अर्धे गवत फुलावर असताना कापले तर समजा १० क्विंटल सुके मिळाले, प्रथिन ७ टक्के. म्हणजे ७० किलो प्रथिन. बी झडल्यावर कापले तर समजा १२ क्विंटल मिळाले, प्रथिन ३ टक्के. म्हणजे ३६ किलो. वजन दोन क्विंटलने वाढले आणि जीव निम्मा झाला. मी गावाला वजन दाखवले होते.

तुम्ही म्हणाल, दसऱ्याच्या आगेमागे कापायला माणूस कुठून आणायचा? सोयाबीन त्याच वेळी काढणीला येते, वेचणीही तोंडावर असते. शिवाय परतीचा पाऊस येतो आणि कापलेले गवत काळे पडते. अडचण खरी आहे, ती मी नाकारत नाही. म्हणून सगळी टेकडी कापा असे मी म्हणत नाही. उघडीप बघून घरच्या एका बैलजोडीपुरते, चार दिवस पुरतील एवढ्या मजुरीचे गवत फुलावर कापा, उलटेपालटे करून वाळवा आणि वेगळी गंजी लावा. ती गंजी वैशाखात उघडा, पेरणीच्या आधी. बाकीचे गवत दिवाळीनंतर कापले तरी चालेल, पण ते पोट भरायला आहे हे लक्षात ठेवा, अंगाला लागायला नाही.

कडब्याचे आणि निबर गवताचे काय? १०० किलो चाऱ्यावर ४ किलो युरिया, पन्नासेक लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून, थरावर थर शिंपडायचा. प्लॅस्टिकखाली हवाबंद करून तीन आठवडे ठेवायचे. उघडल्यावर वास जाऊ द्यायचा आणि थोड्या-थोड्याने सवय लावायची. सहा महिन्यांखालच्या वासराला द्यायचा नाही. आणि युरियाचे पाणी जनावराच्या तोंडी कधी लागू द्यायचे नाही, ते विष आहे.

नत्राइतकीच दुसरी उणीव स्फुरदाची. आपल्या काळ्या मातीत चुना भरपूर, पण मुळाला मिळेल असे स्फुरद कमी. माती तशी, गवत तसे, जनावर तसे. गाय हाडे चघळते, चिंध्या खाते, माती चाटते, वेळेवर माजावर येत नाही. आपण म्हणतो, खोड लागली. दक्षिण आफ्रिकेत १९२०च्या सुमारास गुरे लुळी पडून मरत होती. अर्नोल्ड थायलर या पशुवैद्याने कारण शोधले: गवतात स्फुरद नाही, म्हणून गुरे मेलेल्या जनावरांची हाडे चघळतात आणि त्या सडक्या हाडांतले विष त्यांना मारते. हाडांची निर्जंतुक भुकटी खाऊ घातल्यावर गुरे वाचली. आपण मोठ्या जनावराला रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण दिले तर हाडे चघळणे बरेच थांबते. आणि टेकडीवर पवन्याच्या जोडीला स्टायलो टाका. ते शेंगवर्गातले आहे, हवेतले नत्र जमिनीत आणते. टेकडीला नत्राची गोणी वाहून नेण्यापेक्षा हे स्वस्त.

नत्र जाते कुठे?

आता कापसाकडे येतो, नाहीतर तुम्ही म्हणाल की कापूसवाल्यांच्या मेळाव्यात याने गवतच सांगितले. एक क्विंटल कापसात साधारण ६४ किलो सरकी असते. त्यात प्रथिन वीस टक्के धरले तर तेरा किलोच्या घरात, म्हणजे नत्र दोन किलो. दर क्विंटलमागे दोन किलो नत्र बंडीत बसून तुमच्या गावाबाहेर जाते. सरकीचे तेल निघते, ढेप होते, आणि ती ढेप आपणच पिशवीने विकत आणतो, ज्याला परवडते तो. ज्याला परवडत नाही त्याचा बैल तीन टक्क्यांच्या कडब्यावर राहतो.

आणि तो कडबाही आता राहिलेला नाही. खरिपात ज्वारी होती तोवर कडबा होता. तिची जागा सोयाबीनने घेतली. बीटी कापूस २००२ साली आला तसा कापूसही पसरत गेला. पऱ्हाटी जनावर खात नाही, सोयाबीनचे कुटार नाइलाजाने खाते. ज्वारीला भाव नाही म्हणून ती सोडली, याबद्दल शेतकऱ्याला दोष देता येत नाही. पण ज्वारीचा हिशेब करताना आपण दाण्याचाच केला, कडब्याचा केला नाही, हेही खरे. चारा छावण्या २०१२-१३ साली उघडल्या, २०१८-१९ साली पुन्हा उघडल्या. छावणीत मिळाला ऊस आणि वाढे. वाढ्यांत प्रथिन नाही, वर त्यातले ऑक्झलेट शरीरातला चुना घेऊन जाते. जनावर जगले, पण उभे राहायला पुढचे वर्ष गेले.

म्हणून शेवटची गोष्ट गायरानाची. सरकारी कागदावर आपली टेकडी आणि ई-क्लास जमीन पडीक म्हणून लिहिलेली असते. पडीक म्हटले की ती रिकामी, आणि रिकामी म्हटले की कोणालाही द्यायला मोकळी. कधी खड्डे खणून झाडे लावतात, कधी अतिक्रमण होते, आता सौर पॅनेल येतात. दिवसा वीज आपल्याला हवी आहे, ती मागणी आपलीच आहे. पण ज्या टेकडीवर पवना उभा आहे आणि ज्या टेकडीवर नुसता दगड आहे, त्या दोन्हींना एकाच शब्दात पडीक म्हणणारा कागद खोटा आहे. सार्वजनिक जमिनी गावासाठी राखाव्यात असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली दिला. तो निकाल आपल्या बाजूने वापरायचा तर आपल्या माळावर काय उगवते हे आपल्याला सांगता आले पाहिजे.

तीन कामे सांगतो आणि थांबतो. एक, दसऱ्याच्या आधी गावातल्या म्हाताऱ्या ढोरक्याला घेऊन सगळा माळ चाला. कुठे पवना, कुठे मारवेल, कुठे कुसळी, हे कागदावर उतरवा आणि ग्रामसभेच्या ठरावाला जोडा. दोन, एका बैलजोडीपुरते गवत यंदा फुलावर कापा आणि शेजाऱ्याचे दिवाळीनंतर कापलेले घेऊन वैशाखात दोन्ही पुढ्यात टाका. बैल कोणते आधी खातो ते पाहा, तुम्हाला माझ्या टक्केवारीची गरज पडणार नाही. तीन, पुढच्या मेळाव्याला येताना दोन्ही गवतांची एक-एक पेंढी घेऊन या. इथे सतरंजीवर मांडू आणि पुढचे बोलणे तिथून सुरू करू.